अंगणातील फुलझाडे आणि उन्हाळ्याचे पाणी

होळी झाली की सोलापूर, धाराशिव, बीड व अहिल्यानगर या जिल्ह्यांत, तसेच सांगली आणि सातारा जिल्ह्यांच्या पूर्वेकडील तालुक्यांत विहिरी तळ गाठू लागतात. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणाऱ्या या प्रदेशात वर्षाकाठी साधारणतः ५०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते ऑक्टोबर या महिन्यांतच पडून जातो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तपमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, हवा कोरडी असते आणि एखादा वळीव सोडला तर आकाशातून थेंबही मिळत नाही. पावसाळ्यात हौसेने लावलेली, दिवाळीपर्यंत फुललेली घरोघरची फुलझाडे बहुधा याच काळात मरतात.

झाड मेले की पाणीच नव्हते, असे कारण सांगितले जाते. ते काही अंशी खरेही असते. परंतु ज्या घरचा मोगरा वाळला त्याच घराच्या मोरीतून आंघोळीचे व भांड्यांचे पाणी गल्लीत वाहत असते आणि तेथे चिखल व डास यांची पैदास होत असते, हे दृश्यही तितकेच नेहमीचे आहे. शिवाय जे थोडे पाणी झाडांना मिळते ते सर्वांना सारखे वाटले जाते. ज्या झाडाला उन्हाळ्यात विश्रांती हवी त्यालाही तांब्याभर आणि ज्याला ऐन उन्हाळ्यातच बहर यावयाचा त्यालाही तांब्याभर. अशा वाटणीत पहिल्याचे पाणी व्यर्थ जाते व दुसऱ्याची तहान भागत नाही. म्हणून उन्हाळ्यातील बागेची निगा म्हणजे मुख्यतः पाणी कोणाला द्यावयाचे व कोणाला द्यावयाचे नाही, हे ठरविणे होय.

फुलझाडे हा सुखवस्तू माणसांचा षोक आहे, असे म्हणून हा विषय बाजूस सारता येण्यासारखा नाही. देवपूजेला, सणावाराला आणि वेणीला प्रत्येक घरी फुले लागतात व ती विकत आणावी लागली तर पैसे मोजावे लागतात. दुसरी गोष्ट अशी की, अंगणातील झाडांना घातले जाणारे पाणी बहुतेक घरी स्त्रियाच डोक्यावरून आणतात. त्या पाण्याची एक बादली वाचविणे म्हणजे एक खेप वाचविणे होय. गावपातळीवरील कार्यकर्त्याने या विषयाची माहिती घरातील पुरुषाला सांगून परत फिरू नये. जी व्यक्ती प्रत्यक्ष पाणी घालते तिच्याशी, झाडापाशी उभे राहून बोलावे.

झाडे उन्हाळा कसा काढतात

काही झाडांनी उन्हाळ्याची सोय स्वतःच करून ठेवलेली असते. गुलबक्षी वर वाळून जाते, परंतु तिचा कंद जमिनीत जिवंत राहतो आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा फुटतो. वाळलेली गुलबक्षी मेली असे समजून तिच्या जागी दुसरे झाड लावण्यासाठी खणणारे कुदळीने तो कंदच तोडून टाकतात. पारिजातक उन्हाळ्यात पाने गाळून केविलवाणा दिसतो. त्याला फुलावयाचे असते ते पावसाळ्यात व त्यानंतर, तेव्हा मे महिन्यात त्याच्या बुंध्याशी बादल्या ओतून काही साधत नाही. पांढरा चाफा आपल्या मांसल खोडात पाण्याचा साठा करून ठेवतो व पाने नसतानाही फांद्यांच्या टोकांना फुलांचे झुबके धरतो. त्याला वरचेवर पाणी दिले तर उलट खोड सडण्याची भीती असते. बोगनवेलीची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. तिला भरपूर पाणी मिळाले की ती पानेच वाढवीत बसते. पाणी तोडले की रंगाने भरून जाते.

कण्हेर ही या भागाची खरी मैत्रीण. लांबट, जाड, चिवट पानांमुळे तिच्यातून बाष्प कमी उडते व एकदा मुळे खोल गेली की पंधरा-वीस दिवस पाणी न मिळाले तरी ती तग धरते. पश्चिमेच्या बाजूस कण्हेरीची रांग लावली असता दुपारचे ऊन व तापलेला वारा या दोहोंना आडोसा होतो. तथापि कण्हेरीचे सर्व भाग विषारी आहेत, ही गोष्ट क्षणभरही विसरता कामा नये. छाटलेल्या फांद्या शेळ्या-गुरांच्या वाटेत टाकू नयेत. पाने वाळल्याने त्यांतील विष जात नाही. उलट हिरवा पाला टाळणारे जनावर वाळलेला पाला कडब्याबरोबर नकळत खाऊन जाते. पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या, फळांतील बियाही अत्यंत विषारी असतात. ज्या घरात लहान मुले आहेत तेथे बिट्टी लावूच नये. सदाफुलीही काटक आहे; तिला गुरे सहसा तोंड लावीत नाहीत आणि ती बाराही महिने फुलते.

उन्हाळ्यात पाण्याची खरी गरज असते ती मोगरा, जास्वंद, अबोली व गुलाब यांना. त्यांतही मोगऱ्याचा क्रम पहिला, कारण त्याचा बहरच या दिवसांत येतो. अबोलीला दुपारची सावली मिळाली तर तिचे थोड्या पाण्यात भागते. गुलाबाची मोठी छाटणी ऑक्टोबरच्या सुमारास करावयाची असते; उन्हाळ्यात त्याला कात्री लावू नये, केवळ वाळलेली फुले व काड्या काढाव्यात. शेवंतीचा बहर संपल्यावर जुने झाड राखण्यात अर्थ नसतो. बुडाशी फुटलेल्या काश्या तेवढ्या सावलीच्या जागी एका लहान वाफ्यात जगवाव्यात, म्हणजे पुढील लागवडीस घरचे रोप मिळते. झेंडू उपटून खतात टाकावा.

पाण्याचा हिशेब

उन्हाळ्यात या भागात उघड्या पात्रातील पाण्याची पातळी दिवसाला दहा मिलिमीटरांहून अधिक उतरते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. मोगऱ्याच्या एका झाडाचे आळे ६० सेंटिमीटर व्यासाचे धरले तर त्याचे क्षेत्र पाव चौरस मीटरहून थोडे अधिक भरते. म्हणजे त्या झाडाला रोज सुमारे तीन लिटर, अर्थात पंधरा लिटरांच्या एका बादलीत पाच दिवसांचे पाणी लागते. प्रत्यक्षात झाडाचा घेर आळ्याबाहेर गेलेला असतो व थोडे पाणी खाली निथरून जाते, म्हणून चार दिवस धरणे बरे.

आता घरातील पाणी पाहावे. पाच माणसांचे कुटुंब, माणशी आंघोळीला एक बादली. त्यातील काही सांडते, काही मुरते. रोज चार बादल्या हाती लागल्या तरी चार दिवसांत सोळा बादल्या झाल्या. याचा अर्थ असा की, विहिरीवरील एकही जादा खेप न करता बारा ते पंधरा झाडे उन्हाळाभर जगविता येतात. त्याहून अधिक झाडे लावली असतील तर ती उन्हाळ्यात स्वतःच्या बळावर राहणारी असावीत. झाडे किती लावावयाची हे पावसाळ्यातील ओलीकडे पाहून न ठरविता मे महिन्यातील मोरीच्या पाण्याकडे पाहून ठरवावे.

रोज तांब्याभर पाणी घालण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि तीच झाडाला घातक ठरते. तांब्याभर पाणी वरच्या दोन बोटे मातीत राहते. मुळेही तेथेच घोटाळतात आणि एक दिवस खंड पडला की तापलेल्या मातीत भाजून निघतात. चार दिवसांनी भरपूर पाणी दिले तर ओल हातभर खाली जाते व मुळे तिच्या मागे जातात. तुळशीला रोज पाणी घालण्याचा प्रघात आहे तो वेगळा. वृंदावनातील माती थोडी असते व चोहोबाजूंनी तापते, तेव्हा तिला रोजच पाणी लागते. हाच न्याय कुंड्यांना लागू आहे. किंबहुना ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांनी उन्हाळ्यात कुंड्यांच्या मागे लागू नये. असलेल्या कुंड्या सावलीत एकत्र ठेवून काठापर्यंत वाळूत पुराव्यात, म्हणजे त्यांच्या कडेने उडणारे पाणी वाचते.

झाडाला तहान लागली आहे की नाही हे दुपारी पाहू नये. दुपारी तीनच्या सुमारास जास्वंदीची पाने माना टाकतात, कारण मुळांना पुरवता येईल त्याहून अधिक पाणी पानांतून उडत असते. सूर्य कलला की ती पुन्हा सावरतात. ते पाहून भर उन्हात पाणी घालण्याची घाई करणे व्यर्थ होय. पहाटेसुद्धा पाने मलूल असतील तर मात्र जमीन खरोखर कोरडी पडली आहे असे समजावे. शंका असल्यास आळ्याच्या कडेला खुरप्याने वीतभर उकरून मातीची गोळी करून पाहावी. गोळी बांधली गेली तर एक दिवस थांबण्यास हरकत नाही. पाणी सायंकाळी किंवा भल्या पहाटे द्यावे.

मोरीचे पाणी : कोणते घ्यावे, कोणते टाळावे

सर्व सांडपाणी सारखे नसते. आंघोळीचे पाणी बहुतेक झाडांना चालते. राखेने अगर थोड्या साबणाने घासलेल्या भांड्यांचे पाणी खरकटे गाळून घेतल्यास चालते. कपडे धुण्याच्या सोड्याचे व पावडरीचे पहिले पाणी मात्र झाडांना घालू नये. त्यातील सोडियममुळे, विशेषतः काळ्या जमिनीत, मातीची घडण बिघडते; ती ओली असता चिकट व वाळली असता दगडासारखी होते आणि पाणी आत शिरत नाही. कपड्यांचे शेवटचे खळबळलेले पाणी घेण्यास हरकत नाही. आळ्यात पांढरट थर दिसू लागला किंवा पानांच्या कडा करपू लागल्या तर क्षार साचत आहेत असे समजून एक-दोन वेळा शक्य तितके गोडे पाणी द्यावे व सांडपाण्याची जागा बदलावी. तेच ते पाणी त्याच त्या झाडाला न देता आळीपाळीने द्यावे. अळू, कर्दळ व केळ यांना मोरीच्या तोंडाशी जागा दिल्यास त्या पाण्यातील बरीच घाण तेथेच जिरते.

सांडपाणी साठवून ठेवू नये. ते त्याच दिवशी आळ्यात गेले पाहिजे. दुसऱ्या दिवशी त्याला वास येतो व डास होतात.

या भागातील चुनखडीयुक्त जमिनीत मोगऱ्याची व गुलाबाची कोवळी पाने पिवळी पडतात, परंतु त्यांच्या शिरा हिरव्या राहतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण होय. जमिनीत लोह असते, पण चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. पुष्कळ जण यावर चुलीतील राख टाकतात. राख स्वतःच अल्कधर्मी असल्याने दुखणे वाढते. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून, त्यात थोडा लिंबाचा रस घालून, गाळून सायंकाळी पानांवर फवारावी. दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा फवारावी. आळ्यात पाणी तुंबत असेल तर आधी ते थांबवावे, कारण तुंबलेल्या पाण्यानेही हाच पिवळेपणा येतो.

मोगरा

उन्हाळ्यातील मोगऱ्याची तयारी हिवाळ्यात करावी लागते. डिसेंबरमध्ये तीन-चार आठवडे पाणी तोडावे. पाने पिवळी पडून गळू लागली की झाडाने विश्रांती घेतली असे समजावे. जानेवारीत जमिनीपासून सुमारे ४५ सेंटिमीटर उंचीवर सर्व फांद्या छाटाव्यात. रोगट, वाळलेल्या व आत वळलेल्या काड्या मुळापासून काढाव्यात. पुष्कळांना एवढी छाटणी निर्दय वाटते. पण मोगऱ्याच्या कळ्या नव्या फुटीवर येतात, जुन्या लाकडावर येत नाहीत. छाटणीनंतर आळे हलके खणून दोन पाट्या चांगले कुजलेले शेणखत व दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी आणि मग पाणी सुरू करावे. कच्चे शेण घालू नये. त्याने उष्णता वाढते व वाळवी येते.

फाल्गुनात कळ्या दिसू लागतात आणि तेथून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत बहर चालतो. कळ्या दिसू लागल्यापासून पाण्यात खंड पडू देऊ नये. खंड पडला की कळ्या लहान राहतात व गळतात. एक बहर ओसरला की शेंडे चार बोटे खुडावेत, म्हणजे नवी फूट येऊन पुन्हा कळ्या धरतात. मोगऱ्याला निदान अर्धा दिवस ऊन लागतेच. झाड दाट सावलीत असेल तर पाने हिरवीगार राहतात, पण फूल येत नाही. आडोसा करावयाचा तो केवळ दुपारनंतरच्या उन्हाला. लांबट टोकदार कळीचा मदनबाण आणि टपोऱ्या गोल कळीचा बटमोगरा हे दोन्ही प्रकार अंगणात लावण्याजोगे आहेत.

कळ्या पहाटे, उमलण्यापूर्वी काढून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यास संध्याकाळपर्यंत टिकतात. कळ्या जांभळट पडून एकमेकींना जाळ्याने चिकटलेल्या दिसल्या तर आत अळी आहे. त्या कळ्या खुडून जाळाव्यात व पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. पानांची तकाकी जाऊन मागच्या बाजूस बारीक जाळी दिसली तर तो लाल कोळी होय. कोरडी हवा त्याला मानवते. पानांच्या खालच्या अंगाला जोराने पाणी मारल्यास त्याचा जोर मोडतो. गंधकाची फवारणीही उपयोगी पडते, परंतु एप्रिल-मेच्या कडक उन्हात गंधकाने पाने भाजतात हे लक्षात ठेवावे.

ओल राखण्याचे उपाय

आळे दुहेरी करावे. बुंध्याभोवती मातीची लहान उंच भर द्यावी व पाणी तिच्या बाहेरील गोलात घालावे. बुंध्याला पाणी लागून राहिल्यास साल कुजते. आळ्यावर उसाचे पाचट, गव्हाचे काड, भुईमुगाची टरफले किंवा वाळलेला पाला यांचे चार बोटे जाडीचे आच्छादन घालावे. बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडावी, नाही तर वाळवीला आयती वाट मिळते. आच्छादन घालण्यापूर्वी काळ्या जमिनीतील भेगा खुरपून बुजवाव्यात, कारण भेगांतून ओल उडते व भेग रुंदावताना मुळे तुटतात. मुरमाड जागी प्रश्न उलट असतो. तेथे पाणी थांबत नाही, म्हणून लागवडीचा खड्डाच दीड हात खोल घेऊन तळ्यातील गाळ व शेणखत यांनी भरावा लागतो. असे खड्डे मे महिन्यात खणून तापू द्यावेत; लागवड पावसाळ्यात करावी. उन्हाळ्यात नवे झाड लावणे म्हणजे पाणी व झाड दोन्ही गमावणे होय.

पुरलेल्या मडक्याची युक्ती जुनी आहे. चीनमध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीविषयक लिखाणात ती सांगितलेली आढळते. पाच-सात लिटरांचे, रंग न दिलेले मडके झाडापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावे व पाण्याने भरावे. भोवतालची माती कोरडी असेल तर मडके अधिक पाझरते, ओली असेल तर कमी. अशा रीतीने झाड स्वतःच आपल्या गरजेपुरते पाणी ओढून घेते. परंतु मडक्यात मोरीचे पाणी घालू नये. साबण व मळ यांनी त्याची छिद्रे बुजतात. तोंडावर परळ घट्ट बसवावा. डेंगी पसरविणारा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो.

टंचाईच्या वर्षी

काही वर्षे अशी येतात की सांडपाणीही उरत नाही. १९७२-७३ चा दुष्काळ या प्रदेशाने सोसला. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. अशा वर्षी पिण्याच्या पाण्याचा थेंबही फुलझाडाला देऊ नये आणि झाड मरते म्हणून घरातील कोणाला जादा खेप करावयास लावू नये. काय सोडावयाचे याचा क्रम आधीच ठरवून ठेवलेला बरा. प्रथम कुंड्या सोडाव्यात, नंतर जास्वंद व अबोली. ही झाडे पावसाळ्यात फांदी लावून पुन्हा करता येतात. गुलाब फार जुना व आवडीचा असेल तर त्याच्या फुलांचा लोभ सोडून कळ्या खुडाव्यात व आडोसा करावा. मोगऱ्याचा त्या वर्षीचा बहर सोडून द्यावा. फांद्या दीड वितीवर छाटून, पाने काढून, आळ्यावर पाचटाचा जाड थर घालावा. असे झाड दहा-बारा दिवसांनी बादलीभर पाण्यावर बहुधा पावसापर्यंत तग धरते. कण्हेर, चाफा, बोगनवेल यांच्याकडे पाहूही नये.

प्रत्येक जातीचा वंश मात्र राखावा. घराच्या उत्तरेच्या भिंतीलगत, मोरीजवळ, हातभर लांबीचा एक वाफा करून त्यात मोगरा, अबोली व शेवंतीच्या काश्या दाटीने लावून ठेवल्यास एवढ्याशा जागेला एक-दोन तांबे पाणी पुरते. दोन-तीन घरांनी मिळून एकच वाफा राखला तरी चालेल.

मृगाचा पाऊस लागला की बुंध्याजवळचे आच्छादन दूर करावे व काळ्या जमिनीतील आळ्यांच्या कडा एका बाजूने फोडून पाण्याला वाट द्यावी. उन्हाळ्यात वाचलेली झाडे पावसाळ्यात पाणी तुंबून मेल्याची उदाहरणे थोडी नाहीत. याच सुमारास मोगऱ्याची दाब कलमे करावीत. बोराएवढी नव्हे, बोरूएवढी जाड फांदी निवडून ती जमिनीकडे वाकवावी, एका पेराखाली लहान तिरकस छेद द्यावा, तो भाग चार बोटे मातीत दाबून वर दगड ठेवावा व शेंडा मोकळा सोडावा. नवरात्राच्या सुमारास दाबलेल्या भागाला मुळे फुटलेली असतात. तेव्हा ते कलम मूळ झाडापासून तोडावे, आठ दिवस जागच्या जागी राहू द्यावे आणि मग मातीच्या गोळ्यासह उचलून नव्या खड्ड्यात लावावे.